कामानिमित्त पणजीत: कॅफे, खाडी आणि भरतीचे गणित

कामासाठी पणजीला जाणाऱ्या पुष्कळांना वाटते की गोवा पाहायचा तर रजा काढून, किनाऱ्यावर खोली घेऊन पाहावा आणि कामाच्या फेरीत बैठकीची खोली व विमानतळाचा रस्ता यांवर समाधान मानावे. उत्तर गोव्यातील गजबजलेल्या किनाऱ्यांपुरते हे खरे असेल, पण पणजीला ते लागू पडत नाही. मांडवी नदी समुद्राला मिळते त्या मुखाजवळ, तिच्या दक्षिण काठावर वसलेले हे शहर इतके आटोपशीर आहे की पाटो भागातील कार्यालयांपासून पायी निघाल्यास फोंताइन्हासची जुनी वस्ती, आल्तिनोची टेकडी, शहराच्या मध्यातील जुने कॅफे आणि नदीकाठ ही सारी ठिकाणे सकाळच्या किंवा संध्याकाळच्या एका फेरीत गाठता येतात. त्यासाठी दिवस मोकळा लागत नाही. मात्र कोणती गोष्ट कोणत्या वेळी करायची हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवताना कार्यालयाच्या वेळेइतकेच महत्त्व भरती-ओहोटीच्या वेळेला द्यावे लागते.

सुरुवात राहण्याच्या जागेपासून करावी. काम पाटो, मध्य पणजी किंवा पर्वरी येथे असेल तर फोंताइन्हास, मळा नावाची वस्ती किंवा पालिका उद्यान यांच्या आसपास खोली घ्यावी. काम दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत किंवा त्या बाजूला असेल तर मिरामार अधिक सोयीचे. किनारा हवा म्हणून कळंगुट-बागा भागात राहून रोज पणजीला येण्याचा मोह टाळावा, कारण सकाळ-संध्याकाळचा जो एकेक तास हाताशी असतो तो मांडवीवरील पुलाच्या वाहतुकीत खर्च होतो. रेल्वेने येणाऱ्यांना करमळी हे सर्वांत जवळचे स्थानक पडते, तर विमानाने येणाऱ्यांनी तिकीट दाबोळीचे आहे की मोपाचे हे नीट पाहून घ्यावे, कारण २०२३ पासून दोन्ही विमानतळ प्रवाशांसाठी सुरू आहेत आणि ते शहराच्या दोन विरुद्ध दिशांना आहेत. शहरात फिरण्यासाठी पाय पुरतात. जेथे ते पुरत नाहीत तेथे मिरामार-दोनापावला मार्गावरील बस किंवा गोव्यात ‘पायलट’ म्हणून ओळखले जाणारे मोटारसायकलवाले उपयोगी पडतात.

आता भरतीकडे वळू. पणजीचा निसर्ग म्हणजे मुख्यतः नदीमुख, खाडी, खारफुटी आणि खाडीकाठची खाजन शेतजमीन, आणि यांतील प्रत्येक जागा भरतीला एक दिसते, ओहोटीला दुसरी. ओहोटीला चिखलपट्ट्या उघड्या पडतात, त्यांवर खेकडे आणि निवट्या बाहेर येतात आणि त्यांच्या मागे बगळे, तुतारी, खंड्या हे पक्षी येतात. भरतीला तेच पाणी खारफुटीच्या मुळांपर्यंत चढते आणि लहान होडी आतल्या नाल्यांत शिरू शकते. चुकीच्या वेळी गेलेला माणूस दोन्हींना मुकतो आणि ‘तेथे पाहण्यासारखे काही नाही’ असे सांगत परततो.

कोकणातील मच्छीमारांचा एक जुना हिशेब येथे उपयोगी पडतो. पंधरवड्यातील तिथीच्या क्रमांकाला पाऊणने गुणावे. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. एकादशीला सव्वाआठच्या सुमारास. पौर्णिमा आणि अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. हीच वेळ दिवसा आणि रात्रीही साधारण लागू पडते, आणि भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे पहिल्या दिवसाची वेळ कळली की उरलेल्या मुक्कामाचे वेळापत्रक मांडता येते. हिशेब ढोबळ आहे, स्थानपरत्वे त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो आणि गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसातील दोन भरत्या सारख्या उंचीच्याही नसतात. म्हणून होडीचा बेत असेल तर मुरगाव बंदराचे भरतीचे कोष्टक पाहून वेळ पक्की करावी. पण बैठकीची तारीख ठरत असतानाच कालनिर्णयकडे एक नजर टाकून कोणती सकाळ कशासाठी ठेवायची हे ठरवायला एवढा हिशेब पुरेसा आहे.

त्याचा प्रत्यक्ष उपयोग असा. मुक्काम पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंतच्या दिवसांत पडत असेल तर ओहोटी साडेपाच ते साडेआठच्या दरम्यान, म्हणजे नेमकी कामाआधीच्या वेळेत येते. शिवाय हे उधाणाचे दिवस असल्याने पाणी अधिक मागे हटते आणि चिखलपट्टी रुंद होते. अशा सकाळी पक्षी पाहावेत. मुक्काम अष्टमी ते द्वादशीच्या दरम्यान असेल तर सकाळी सहा ते नऊच्या सुमारास भरती असते. या सकाळी मांडवीतील चोडण बेटाजवळ होडीतून फिरण्यासाठी राखून ठेवाव्यात. चतुर्थी ते सप्तमीच्या दरम्यान सकाळी पाणी धड चढलेलेही नसते आणि पुरते उतरलेलेही नसते, तेव्हा टेकडी आणि जुनी वस्ती पाहावी आणि कॅफेत निवांत बसावे.

पणजीच्या आसपास सर्वांत समृद्ध जागा मला विचाराल तर ती चोडण बेटावरील सलीम अली पक्षी अभयारण्य. पणजीहून रायबंदरला यावे आणि तेथून फेरीबोटीने मांडवी ओलांडावी. पलीकडच्या धक्क्यापासून अभयारण्याचे फाटक चालत जाण्याच्या अंतरावर आहे. क्षेत्र अवघे १.७८ चौरस किलोमीटर, १९८८ मध्ये घोषित झालेले आणि जवळजवळ संपूर्ण खारफुटीने व्यापलेले. आत एक पायवाट खारफुटीच्या मधून जाते. ओहोटीच्या वेळी या वाटेवर घाईने पुढे जाऊ नये. एका जागी पाच मिनिटे न हलता उभे राहावे, म्हणजे पावलांच्या आवाजाने बिळांत गेलेले खेकडे पुन्हा वर येऊ लागतात. त्यांतील फिडलर खेकड्याच्या नराचा एक नांगा अंगाच्या मानाने केवढा तरी मोठा असतो आणि तो वर-खाली हलवून तो इतरांना इशारे देत असतो. त्यांच्याच शेजारी निवटी हा मासा पुढच्या परांच्या आधाराने चिखलावरून सरपटताना आणि मधूनच उडी घेताना दिसतो. झाडांकडे पाहिले तर कांदळाची कमानदार आधारमुळे आणि तिवराची चिखलातून सरळ वर आलेली श्वसनमुळे यांतील फरक सहज लक्षात येतो; चिखलात प्राणवायू कमी असल्याने तिवराची ही मुळे हवेतून श्वास घेतात. पाण्याच्या कडेला वंचक आणि समुद्री बगळा हमखास दिसतात, खंड्याचे एकाहून अधिक प्रकार दिसतात, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात स्थलांतरित पक्ष्यांची भर पडते. पाणमांजरेही या भागात आहेत, पण त्यांचे दर्शन नशिबाचा भाग समजावा.

होडीची फेरी भरतीला करावी आणि ती स्थानिक नावाड्यांकडून आदल्या दिवशीच ठरवून ठेवावी. सकाळी धक्क्यावर जाऊन विचारपूस करण्यात भरतीचा चांगला अर्धा तास निघून जातो. यंत्राच्या बोटीपेक्षा वल्ह्याची होडी घ्यावी, कारण अरुंद नाल्यांत तीच आत जाते आणि तिच्या आवाजाने पक्षी उडत नाहीत. कामाच्या दिवशी हा बेत करायचा तर उजाडताना रायबंदरला पोहोचावे, दोन तास चोडणला द्यावेत आणि साडेनऊच्या आत परत फिरावे. चिखलासाठी वेगळे बूट आणि मोज्यांचा एक जास्तीचा जोड बरोबर घ्यावा, म्हणजे थेट कार्यालयात जाणे शक्य होते. डासांसाठी मलम लावावे आणि पाणी बरोबर ठेवावे. रायबंदरला जाता-येता ज्या लांब बांधरस्त्यावरून वाहन जाते तो सतराव्या शतकात पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिश याच्या काळात बांधला गेला असून तीन किलोमीटरहून थोडा अधिक लांब आहे. त्याच्या एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरांची व खाजनाची सखल जमीन दिसते. वेळ असल्यास परतताना वाहन जरा थांबवून ही बाजू पाहावी.

खाजन म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली शेतजमीन. बांधात ‘मानस’ नावाची दारे असतात. ओहोटीला आतले पाणी बाहेर जाताना ही दारे उघडतात आणि भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की आपोआप मिटतात, त्यामुळे खारे पाणी शेतात शिरत नाही. चोडणच्या गावरस्त्यांवर अशी मानस पाहायला मिळते. गोव्यातील किनारी शेतीचा सारा संसार शतकानुशतके या साध्या योजनेवर उभा आहे, आणि बांध फुटून खारे पाणी आत आले की शेत किती वर्षे मागे जाते याची कल्पना ती पाहिल्यावर येते. पर्यटनाच्या पत्रकात मानस नसते, तरी ती आवर्जून पाहावी असे मला मनापासून वाटते.

चोडणला जाणे जमणार नसेल तर निराश होण्याचे कारण नाही. पाटो आणि फोंताइन्हास यांच्यामधून वाहणाऱ्या ऊरें खाडीच्या काठाला थेट शहरात खारफुटी आहे, आणि ओहोटीला तेथेही बगळे, तुतारी आणि खंड्या येतात. कार्यालय पाटोला असेल तर दुपारच्या सुटीत वीस मिनिटे काढूनही हे जमते.

कॅफेंचा विचार करताना पणजीत त्यांचे दोन वर्ग मनात धरावेत, कारण दोहोंत वागण्याची रीत वेगळी आहे. पहिला वर्ग जुन्या भाजी-पावच्या कॅफेंचा. कॅफे भोंसले आणि कॅफे तातो ही यांतील सर्वांना ठाऊक असलेली नावे. सकाळी लवकर उघडणाऱ्या या जागांत संगमरवरी किंवा साध्या मेजांभोवती वकील, सरकारी कर्मचारी, दुकानदार आणि विद्यार्थी एकत्र बसलेले असतात. मेज रिकामे नसेल तर अनोळखी माणसासमोर बसण्याची प्रथा आहे आणि त्यात कोणालाही अवघडल्यासारखे वाटत नाही. मागवायचे ते असे: बटाट्याची सुकी भाजी, ओल्या वाटाण्याची किंवा चण्याची पातळ भाजी, किंवा दोन्ही एकत्र हवी असल्यास मिक्स, सोबत पाव, वर एखादी मिरची भजी, आणि गोडसर हवे असल्यास पिकलेल्या केळ्याच्या पिठात केलेले बन. बन पातळ भाजीबरोबर खाऊन पाहावे, गोड आणि तिखट यांची ती जोडी येथे रोजची आहे. शेवटी चहा. पाव संपला की दुसरा मागावा, भाजी उरवून उठू नये. येथे संगणक उघडून बसणे योग्य नाही. गिऱ्हाईक येते, खाते, दोन शब्द बोलते आणि जागा मोकळी करते. या रहदारीवरच त्या कॅफेचा हिशेब चालतो आणि म्हणूनच तेथे आजही माफक पैशांत पोटभर नाश्ता मिळतो. सकाळी साडेसात ते नऊ ही उत्तम वेळ. त्यानंतर काही भाज्या संपू लागतात, आणि रविवारी यांतील काही कॅफे बंद असतात किंवा अर्धा दिवसच चालतात, हे ध्यानात ठेवावे.

पावाबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे. गोव्यात पाव करणाऱ्याला पोदेर म्हणतात. सायकलवर टोपली बांधून, भोंपू वाजवत तो पहाटे आणि पुन्हा दुपारनंतर चारच्या सुमारास वस्तीत फिरतो. त्याच्याकडे मऊ पावाखेरीज कडक कवचाचा उंडो, कोंडा लावलेली चपटी पोई आणि बांगडीच्या आकाराचे काकण असते. फोंताइन्हासमध्ये किंवा मळ्यात राहत असल्यास भोंपू ऐकताच खाली उतरून एक गरम पोई घ्यावी. ती भट्टीतून आल्यावर पहिल्या तासात जशी लागते तशी नंतर लागत नाही.

दुसरा वर्ग बेकऱ्यांचा आणि नव्या कॅफेंचा. फोंताइन्हासमधील ‘कॉन्फेतारिया ३१ द जानेरो’ ही जुनी बेकरी आणि पालिका उद्यानाजवळील ‘मिस्टर बेकर १९२२’ या दोन ठिकाणी बेबिंका हा थराथरांचा गोड पदार्थ, नारळाचे गोड पदार्थ आणि पॅटिस मिळतात. बसून काम करायचे असेल तर फोंताइन्हास, आल्तिनो आणि कांपाल या भागांतील नवे कॅफे योग्य ठरतात. आल्तिनोवरील ‘सुनापरांत’ या कलाकेंद्राच्या अंगणातील कॅफेचा यांत विशेष उल्लेख करावासा वाटतो: जुन्या घरातील दालनात भरलेले प्रदर्शन पाहावे आणि मग झाडांच्या सावलीत कॉफी घेत अहवाल पुरा करावा, असा योग फार थोड्या शहरांत जुळतो. नव्या कॅफेंतही काही पथ्ये पाळावीत. दर तासाला काहीतरी मागवावे, जेवणाच्या वेळी चार जणांचे मेज एकट्याने अडवू नये आणि फोनवरची बैठक बाहेर जाऊन घ्यावी. पूर्ण शांतता हवी असेल तर पाटो येथील संस्कृती भवनातील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जावे. १८३२ मध्ये स्थापन झालेल्या या ग्रंथालयाची आजची इमारत प्रशस्त असून तेथे मराठी, कोंकणी आणि पोर्तुगीज ग्रंथांचा मोठा संग्रह आहे.

दुपारी एक ते चार या वेळात पणजीतील अनेक लहान दुकाने बंद असतात, म्हणून खरेदीची कामे त्या वेळी काढू नयेत. जेवण मात्र वेळेवर, शक्यतो एकच्या आत घ्यावे. फोंताइन्हासमधील आनंदाश्रमसारख्या जेवणघरांत हुमण म्हणजे माशांची आमटी, भात, तळलेला मासा, किसमूर म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, आणि सोलकढी असे साधे ताट मिळते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा ताज्या समुद्री मासळीचा आग्रह धरू नये; खाडीची मासळी, तिसऱ्या (शिंपले) किंवा शाकाहारी ताट घ्यावे.

संध्याकाळचे गणित ऋतूप्रमाणे बदलते. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातच्या आसपास. हिवाळ्यात कार्यालयातून सहाला सुटणाऱ्याला सूर्यास्त मिळत नाही, हे आधीच लक्षात घेऊन एका दिवशी तरी पाचला कामावरून निघण्याची सोय करून ठेवावी. त्या दिवशी कांपालच्या नदीकाठाने, कला अकादमीवरून चालत मिरामारला यावे. कला अकादमीची इमारत चार्ल्स कोरिया यांची असून नदी आणि रस्ता यांच्यामध्ये ती आडवी येत नाही, उलट वाटसरूला आपल्यातून नदीपर्यंत जाऊ देते. मिरामारला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी आहे; तिच्या मागे सुरूची झाडे आणि पुढे रुंद पुळण आहे. येथे पाण्यात उतरू नये, कारण नदीमुखाजवळचे प्रवाह फसवे असतात. वाळूवर चालण्यासाठी ओहोटीची संध्याकाळ उत्तम. चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्येला ती साधारण पाच-साडेपाचला मिळते, आणि हिवाळ्यात पाण्याच्या कडेला कुरव आणि सुरय पक्ष्यांचे थवे बसलेले दिसतात.

फोंताइन्हासबद्दल एक विनंती. रंगीत भिंती, कौलारू छपरे आणि लाकडी सज्जे यांमुळे या वस्तीत दिवसभर छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी असते आणि तेथील रहिवासी त्याला कंटाळले आहेत. काही घरांवर छायाचित्रे काढू नयेत अशा पाट्याही लागल्या आहेत. सकाळी सातच्या आधी, हळू आवाजात, कोणाच्या दारात किंवा पायरीवर न बसता फिरावे. मळ्यातील जुना झरा पाहून मारुतीच्या देवळाकडे चढावे आणि तेथून आल्तिनोवर यावे. या चढावर मोठ्या झाडांची दाट सावली आहे आणि वरून खाली मळ्याची कौले आणि पलीकडे खाडी दिसते. ही फेरी तासाभरात होते आणि ती संपताना जुने कॅफे नुकतेच उघडलेले असतात.

ऋतू निवडण्याची मुभा असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ पक्ष्यांसाठी आणि चालण्यासाठी चांगला, पण नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आणि वर्षअखेरीस नाताळ-नववर्ष असल्याने त्या दिवसांत खोल्या महाग होतात व लवकर भरतात. पावसाळ्यात होडीचा बेत सोडून द्यावा आणि चोडणची वाटही निसरडी असते, हे ध्यानात घ्यावे. मात्र आल्तिनोची हिरवाई आणि भर पावसात गरम पातळ भाजी ही त्या दिवसांची खरी मिळकत आहे. श्रावणाच्या सुमारास रानात उगवणारी अळंबी बाजारात येते आणि काही ठिकाणी तिची भाजी किंवा तोणाक, म्हणजे नारळाच्या वाटपाची रस्साभाजी, मिळते. ती मिळाल्यास भाव न पाहता खावी.

परतीच्या दिवशी बेबिंका घ्यायचा तर तो बंद वेष्टनातील घ्यावा, म्हणजे प्रवासात टिकतो. पोई मात्र त्याच दिवशी संपवावी लागते. गाडी दुपारची असल्यास सकाळी सामान खोलीवरच राहू द्यावे, कॅफेत नाश्ता करावा आणि करमळीला निघताना वाहन रायबंदरच्या बांधरस्त्याने न्यायला सांगावे. स्थानक त्याच बाजूला असल्याने त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.